रिकामी जागा कोण भरणार?

फेब्रुवारी 1976 मध्ये भारतीय क्रिकेट संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होता. वेलिंग्टनच्या कसोटीत फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून क्षेत्ररक्षण करताना सुनील गावस्कर यांच्या गालावर चेंडू आदळला आणि गालाच्या हाडाला इजा झाली. त्याच महिन्याच्या 20 तारखेला, हजारो मैल दूर कानपूरमध्ये, त्यांना पुत्ररत्न झाले. न्यूझीलंडमधील कसोटी मालिका आटोपली होती. पण संघ मायदेशी येणार नव्हता. तो तिथूनच परस्पर वेस्ट इंडिजला गेला. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारताने चौथ्या डावात 403 धावांचे लक्ष्य गाठून इतिहास घडवला. त्या डावात गावस्कर यांच्या 102 धावा होत्या. हे शतक साऱ्या देशाने साजरे केले, तेव्हा शतकवीराने आपल्या मुलाचे तोंडही पाहिलेले नव्हते. ते भाग्य त्यांना दौरा संपवून परतल्यावरच लाभले.

बाळाचे नाव ‘रोहन जयविश्व’ ठेवण्यात आले. रोहन कन्हाय, एम. एल. जयसिंहा आणि गुंडाप्पा विश्वनाथ या तीन क्रिकेटपटूंच्या नावांतून ते घडले होते. पित्याला बाळाजवळ पोहोचायला कित्येक आठवडे लागले. क्रिकेट मात्र त्याच्या नावातच जाऊन बसले.

व्यापारी घरांना ही ओढाताण अनोळखी नाही. लगीनसराईत सराफाच्या दुकानातून किंवा दिवाळीच्या तोंडावर कापडाच्या पेढीवरून उठणे किती अवघड असते, हे गादीवर बसणारा प्रत्येक जण जाणतो. माल उतरून घ्यायचा असतो, उधारी गोळा करायची असते, जुने गिऱ्हाईक दारात उभे असते. आणि नेमक्या त्याच दिवशी घरातून निरोप येतो. कधी तो आनंदाचा असतो, कधी दुःखाचा. दुकानदाराने त्या दिवशी काय केले, हे फार तर घरच्यांना आणि शेजारच्या दोन दुकानांना कळते. खेळाडूचा निर्णय कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर होतो आणि त्याची नोंद कायमची राहते. म्हणूनच घर आणि कर्तव्य यांचा मेळ कसा बसतो, कुठे बसत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासाठी खेळाचे मैदान ही फार चांगली जागा आहे.

निरोप येतो तेव्हा

मे 1999. इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा सुरू होती आणि सचिन तेंडुलकरला वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. प्रा. रमेश तेंडुलकर हे दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करणारे आणि मराठी कवितेत स्वतःचा ठसा उमटवलेले कवी होते. सचिन तातडीने मुंबईला परतला. लेस्टरला झिम्बाब्वेविरुद्धचा सामना त्याच्याविना झाला आणि भारत अवघ्या 3 धावांनी हरला. घरी अंत्यविधी झाल्यावर त्याने पुन्हा संघात जावे, असा आग्रह त्याच्या आईनेच धरला. 23 मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्याने 101 चेंडूंत नाबाद 140 धावा केल्या आणि शतक पूर्ण होताच आकाशाकडे पाहिले. ते दृश्य आजही अनेक मराठी घरांत आठवले जाते. मात्र त्या खेळीच्या आठवणीत एक गोष्ट विसरली जाते. सचिन आधी घरी आला होता. संघाने त्याची जागा रिकामी ठेवली, एक सामना गमावला आणि तरीही त्याला कोणी बोल लावला नाही.

सात वर्षांनी, डिसेंबर 2006 मध्ये, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर याच प्रश्नाचे निराळे उत्तर मिळाले. कर्नाटकविरुद्धच्या रणजी सामन्यात दिल्लीचा संघ अडचणीत होता आणि अठरा वर्षांचा विराट कोहली 40 धावांवर नाबाद राहून घरी गेला होता. त्या रात्री त्याच्या वडिलांचे, प्रेम कोहली यांचे, निधन झाले. सकाळी विराट मैदानावर हजर झाला, 90 धावांपर्यंत खेळला, संघाला फॉलोऑनच्या संकटातून वर काढण्यास हातभार लावला आणि मग पित्याच्या अंत्यसंस्काराला गेला.

दोघांपैकी बरोबर कोण, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही निर्णय त्या त्या मुलाने आणि त्या त्या घराने घेतले होते. पुढील चौदा वर्षांत मात्र ‘जो घर विसरतो तोच खरा निष्ठावान’ अशी एक समजूत या कहाण्यांभोवती वाढत गेली. 2015 च्या विश्वचषकाआधी महेंद्रसिंह धोनी ऑस्ट्रेलियात असताना 6 फेब्रुवारीला त्याला कन्यारत्न झाले. आपण देशाच्या कामगिरीवर आहोत, बाकी गोष्टी थांबू शकतात, अशा आशयाचे उत्तर त्याने पत्रकारांना दिले आणि त्याचे सर्वत्र कौतुक झाले. कर्णधारच असे वागतो म्हटल्यावर, संघातील नवख्या खेळाडूने रजा मागण्याचा धीर कुठून आणायचा?

एका दौऱ्यातील चौघे

2020-21 चा ऑस्ट्रेलिया दौरा या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. कोटलावर वडिलांचे दुःख गिळून खेळलेला विराट आता भारताचा कर्णधार होता. त्याचे पहिले अपत्य जानेवारीत जन्माला येणार होते. क्रिकेट मंडळाने त्याची पितृत्व रजा आधीच मंजूर करून तशी घोषणाही केली. ॲडलेडची पहिली कसोटी खेळून तो परतणार होता. त्या कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचा संघ 36 धावांत गारद झाला. कसोटी इतिहासातील ही भारताची नीचांकी धावसंख्या. अशा वेळी कर्णधाराने संघ सोडून जावे का, या प्रश्नावर देशभर वाद झाला. विराट ठरल्याप्रमाणे परतला. 11 जानेवारी 2021 रोजी मुलीचा जन्म झाला तेव्हा तो पत्नीजवळ होता.

रिकामी झालेली कर्णधाराची जागा अजिंक्य रहाणेने घेतली. या संगमनेर तालुक्यातील सुपुत्राला ही ओढाताण चांगलीच ठाऊक होती. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा तो विशाखापट्टणम येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी खेळत होता. बाळाची भेट सामना संपल्यावरच झाली. मेलबर्नला त्याने 112 धावा केल्या आणि भारताने 8 गडी राखून विजय मिळवला. पुढे एकामागून एक खेळाडू जायबंदी होत गेले. तरीही 19 जानेवारीला ब्रिस्बेन येथे 328 धावांचे लक्ष्य गाठून भारताने मालिका 2-1 अशी जिंकली. गाबा मैदानावर 1988 पासून कसोटीत अपराजित असलेल्या ऑस्ट्रेलियाला तिथेच नमवले गेले.

ब्रिस्बेनच्या विजयात दोन नवखे गोलंदाज होते. पहिला हैदराबादचा मोहम्मद सिराज. रिक्षा चालवून मुलाचे क्रिकेट जपणारे त्याचे वडील 20 नोव्हेंबरला निवर्तले, तेव्हा तो सिडनीत विलगीकरणात होता. मंडळाने त्याला घरी परतण्याची मुभा दिली; त्याने संघासोबत राहणे पसंत केले. ब्रिस्बेनच्या दुसऱ्या डावात त्याने 5 बळी घेतले. भारतात उतरल्यावर तो विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीजवळ गेला.

दुसरा तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी या खेड्यातून आलेला डावखुरा टी. नटराजन. नोव्हेंबरमध्ये तो दुबईकडे आयपीएल खेळत असतानाच त्याला मुलगी झाली. घरी न जाता तो तिथूनच संघासोबत ऑस्ट्रेलियाला गेला, आणि तोही नेटमध्ये सरावासाठी चेंडू टाकणारा गोलंदाज म्हणून. मग संधी मिळत गेल्या. एकाच दौऱ्यात त्याने एकदिवसीय, टी-ट्वेंटी आणि कसोटी अशा तिन्ही प्रकारांत पदार्पण केले. ब्रिस्बेनच्या पहिल्या डावात 3 बळी घेतले. गावी परतल्यावर घोड्यांच्या रथातून त्याची मिरवणूक निघाली. पण जन्मापासून दोन महिन्यांहून अधिक काळ त्याने आपली मुलगी पाहिली नव्हती.

या विसंगतीवर त्या वेळीच एका ज्येष्ठाने आपल्या स्तंभलेखातून बोट ठेवले. कर्णधार पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी परततो आणि नटराजनला मात्र मुलीची भेट मालिका संपल्यावरच घडणार, संघात वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे नियम का, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. ते ज्येष्ठ म्हणजे सुनील गावस्कर. 1976 चा तो प्रसंग जगलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याला विशेष अर्थ आहे.

महामारीचे दिवस होते, दौरा सोडून गेलेल्याला विलगीकरणाच्या नियमांमुळे परत येणे दुरापास्त होते, हे खरे. पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. विराटने रजा घेतली तरी त्याचे संघातील स्थान अढळ होते. नटराजनने घरी जायची इच्छा व्यक्त केली असती, तर तिन्ही पदार्पणे हातची गेली असती. रजा दोघांनाही मागता येत होती, असे कागदावर म्हणता येईल. परंतु ती मागण्याची किंमत दोघांसाठी सारखी नव्हती. ज्याची जागा पक्की, त्याला घर परवडते. ज्याची जागा डळमळीत, त्याला ते परवडत नाही.

नियम आधी, प्रसंग नंतर

ही किंमत कमी करण्याचा एकच मार्ग आहे: प्रसंग येण्यापूर्वी नियम ठरवून ठेवणे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलने तो 2011 मध्ये अवलंबिला. तिथे हंगामात प्रत्येक संघाला 162 सामने असतात. म्हणजे जवळजवळ रोजच खेळ. नव्या नियमानुसार पिता होणाऱ्या खेळाडूला एक ते तीन दिवसांची रजा मिळते आणि तेवढ्या दिवसांपुरता संघाला त्याच्या जागी दुसरा खेळाडू बोलावता येतो. टेक्सास रेंजर्सचा कॉल्बी लुईस हा याचा लाभ घेणारा पहिला खेळाडू. रजा अवघी तीन दिवसांची आहे. पण तिच्यामुळे जाणाऱ्याच्या मनात ‘माझ्यावाचून संघाचे कसे होईल’ ही टोचणी उरत नाही. तरीही समजुती एकदम बदलत नाहीत. 2014 मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा डॅनियल मर्फी मुलाच्या जन्मासाठी हंगामाच्या पहिल्या सामन्याला गैरहजर राहिला, तेव्हा रेडिओवरील काही समालोचकांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. या वेळी मात्र जनमत खेळाडूच्या बाजूने उभे राहिले.

स्त्री खेळाडूंचा प्रश्न याहून गंभीर आहे. पुरुषाची काही दिवसांची रजा आणि स्त्रीचे गर्भारपण, बाळंतपण व पुन्हा शरीर घडवणे यांची तुलनाच होऊ शकत नाही. कित्येक खेळाडूंची कारकीर्द मातृत्वापाशीच संपत आली. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाने 2021 मध्ये या बाबतीत धोरण आखले. त्यात खेळाडूला बारा महिन्यांपर्यंत भरपगारी मातृत्व रजा, पुढील वर्षाच्या कराराची हमी आणि दौऱ्यावर बाळाची काळजी घेण्यासाठी सोबत माणूस नेण्याची सोय आहे. पुरुष खेळाडूंनाही तीस दिवसांची भरपगारी रजा आहे. त्याच वर्षी तेथील कर्णधार बिस्मा मारूफ आई झाली. मार्च 2022 मध्ये न्यूझीलंडमधील विश्वचषकात ती तान्ह्या मुलीला घेऊन उतरली. बाळाला सांभाळायला बिस्माची आई सोबत होती. भारताविरुद्धचा सामना संपल्यावर भारतीय खेळाडूंनी त्या बाळाभोवती केलेली गर्दी आणि काढलेली छायाचित्रे दोन्ही देशांत जिव्हाळ्याने पाहिली गेली. सामना भारताने 107 धावांनी जिंकला होता. पण त्या दिवसाची आठवण म्हणून त्या बाळाचेच छायाचित्र राहिले.

भारतीय संघाच्या बाबतीत जानेवारी 2025 मध्ये आलेली नियमावली दुसऱ्या टोकाची आहे. 45 दिवसांहून मोठ्या परदेश दौऱ्यात पत्नी व मुलांना खेळाडूसोबत जास्तीत जास्त दोन आठवडे राहता येईल, असे तीत ठरवले आहे. एकाग्रता व शिस्त राहावी, हा त्यामागचा विचार. अपयशाच्या दिवसानंतर खोलीवर एकट्याने बसून राहण्यापेक्षा कुटुंबात परतणे किती आधाराचे असते, हे विराट कोहलीने त्यानंतर जाहीरपणे सांगितले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु घर म्हणजे कामातला व्यत्यय, की कामाला बळ देणारी जागा, याचे उत्तर प्रत्येक संघाला आणि प्रत्येक पेढीला केव्हातरी द्यावेच लागते.

राजकोटची ती संध्याकाळ

16 फेब्रुवारी 2024. राजकोटच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध रविचंद्रन अश्विनने आपला 500 वा कसोटी बळी मिळवला. अनिल कुंबळे यांच्यानंतर हा टप्पा गाठणारा तो दुसरा भारतीय. त्याच संध्याकाळी चेन्नईत आईची प्रकृती एकाएकी गंभीर झाल्याचे त्याला कळले. सामना रंगात होता, मालिका 1-1 अशी बरोबरीत होती. पुढे काय घडले, ते अश्विनने नंतर स्वतःच सांगितले आहे. आपण गेलो तर संघ एका गोलंदाजाला मुकेल, या विचारात तो खोलीत बसला होता. कर्णधार रोहित शर्मा तिथे आला आणि त्याने विचार न करता निघण्यास सांगितले. संध्याकाळनंतर राजकोटहून विमान नव्हते. तेव्हा राजकोटकर चेतेश्वर पुजारा मदतीला धावला आणि खास विमानाची सोय झाली. संघासोबत दोनच फिजिओ असताना, त्यांपैकी कमलेश जैन यांनी अश्विनबरोबर जावे, असेही रोहितने सुचवले. प्रवासात मित्र एकटा पडू नये, एवढाच हेतू.

तिसऱ्या दिवशी भारत एका प्रमुख गोलंदाजाविना खेळला. उरलेल्यांनी त्याच्या वाट्याचे काम वाटून घेतले. रुग्णालयात शुद्धीवर येताच आईने मुलाला पाहिले आणि तू इथे का आलास, असे विचारले. सामना सुरू आहे, परत जा, असेही सांगितले. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईतील एका आईने सचिनला जे सांगितले, तेच चेन्नईतील या आईने सांगितले. चौथ्या दिवशी अश्विन मैदानावर परतला. भारताने तो सामना 434 धावांनी जिंकला. धावांच्या हिशेबात तोवरचा हा भारताचा सर्वांत मोठा कसोटी विजय ठरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोहित शर्माची स्वतःची पाळी आली. 15 तारखेला त्याला मुलगा झाला आणि 22 तारखेपासून पर्थला कसोटी होती. त्याने घरी राहणे पसंत केले. जसप्रीत बुमराने नेतृत्व स्वीकारले आणि भारत 295 धावांनी जिंकला. दरवेळी असे घडेलच, असे नाही. लेस्टरला तीन धावा कमी पडल्याच होत्या. माणूस जातो तेव्हा संघाचे काही नुकसान होऊ शकते. ते नुकसान सर्वांनी मिळून सोसायचे, हे आधीच मान्य असेल तरच जाणारा निर्धास्तपणे जाऊ शकतो.

गादीवरचा आणि गादीखालचा

खेळाडूंच्या या कहाण्या वाचताना पेढीचा मालक स्वतःला सहजपणे विराटच्या किंवा रोहितच्या जागी पाहतो. मुलीचा साखरपुडा, नातवाचे बारसे, वडिलांचे आजारपण यांसाठी गादीवरून उठावे की नाही, हा त्याचा प्रश्न खराच आहे. एकत्र कुटुंबांनी त्याचे उत्तर पूर्वीच शोधून ठेवले होते. एक भाऊ उठला की दुसरा बसे. काका खरेदीला गेले की पुतण्या गल्ला सांभाळी. कोणाचीही जागा अशी नव्हती की तिच्यावर दुसरा बसूच शकत नाही. आता कुटुंबे लहान झाली, व्यवहार एकाच्याच मोबाइलमध्ये आणि एकाच्याच डोक्यात साठू लागले आणि मालकाला दोन दिवस बाहेर जाणे जड झाले. रहाणे किंवा बुमरा ऐन वेळी उगवत नाहीत. त्यांना आधीपासून कारभारात सामील करून घ्यावे लागते.

पण प्रत्येक पेढीवर एक नटराजनही असतो. वजनकाट्यावर उभा असलेला, गोदामात माल लावणारा, संगणकावर बिले काढणारा. त्याच्या घरीही बाळ जन्मते, त्याची आईही अंथरुणाला खिळते, आणि तेही बहुधा हंगामातच. त्याची जागा पक्की नसते, म्हणून तो विचारत नाही; तो विचारत नाही, म्हणून त्याला गरज नाही असे समजले जाते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत स्त्रियांना मिळणारी भरपगारी मातृत्व रजा 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी दुकानातील पित्यासाठी मात्र तसा कायदा नाही. तिथे सारे मालकाच्या मनावर अवलंबून असते.

कायदा नसला, तरी दिवाळीपूर्वी वर्षाचा हिशेब मांडताना एक छोटा नियम वहीत लिहून ठेवता येतो: घरी बाळ जन्मले तर इतके दिवस, आई-वडील आजारी असतील तर इतके दिवस, पगार न कापता, आणि त्या दिवसांत त्याचे काम कोणी पाहायचे, तेही त्याच ओळीत. असा नियम असला की नोकराला हात जोडावे लागत नाहीत आणि मालकाला उपकार केल्यासारखे वाटत नाही. राजकोटच्या त्या संध्याकाळी अश्विनला रजेचा अर्ज करावा लागला नाही. कर्णधार स्वतः त्याच्या खोलीत गेला होता.